टाळ्या घरच्या, पत्ता परक्यांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी माध्यमांत आपल्या देशाविषयी काही वेडेवाकडे आले, की वाचकांच्या पत्रांत एक मागणी हमखास होते. आपल्या वकिलातींनी समाजमाध्यमांवर आक्रमक व्हावे, तिथल्या तिथे सडेतोड उत्तर द्यावे. तळमळ समजण्यासारखी आहे. पण अशा उत्तराचा प्रवास एकदा शेवटपर्यंत पाहावा. दूतावास इंग्रजीत चार खणखणीत ओळी टाकतो. तासाभरात आपल्याकडच्या वाहिन्यांवर ‘चपराक’ असा मथळा झळकतो, व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट फिरतात, खात्यावर लाइकचा पाऊस पडतो. ज्या देशात तो दूतावास आहे, तिथला माणूस मात्र अरबी, पोर्तुगीज किंवा इंडोनेशियाची बहासा वाचणारा. त्याला यातले काही दिसत नाही, आणि दिसलेच तर ‘हे लोक आपल्यावर डाफरताहेत’ एवढेच कळते. पाकिटावर पत्ता परक्यांचा आणि आतला मजकूर घरच्यांना खूश करणारा, हा पब्लिक डिप्लोमसीचा आजचा मुख्य आजार आहे. तो एकट्या भारताचा नाही.

सरकारने सरकारशी बोलणे हा नेहमीचा राजनय. सरकारने दुसऱ्या देशातल्या लोकांशी थेट बोलणे म्हणजे पब्लिक डिप्लोमसी. आजच्या अर्थाने हा शब्द अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूलचे डीन एडमंड गुलियन यांनी 1965 मध्ये रूढ केला, काम त्याआधीपासून चालूच होते. बीबीसीची एम्पायर सर्व्हिस 1932 ची, व्हॉइस ऑफ अमेरिका 1942 चे, मौलाना आझादांनी स्थापन केलेली आपली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद 1950 ची. त्या काळात एक सोय होती. घर आणि बाहेर यांच्यामध्ये भिंत होती. अमेरिकेने तर परदेशासाठी बनवलेला सरकारी मजकूर स्वतःच्या नागरिकांना दाखवण्यावर स्मिथ-मुंट कायद्यानुसार बंदी घातली होती. ती 2013 मध्ये सैल झाली. तोवर इंटरनेटने भिंत केव्हाच पाडलेली होती.

ती पडल्याचा माझ्या मते सर्वांत बोलका दाखला कैरोचा. 11 सप्टेंबर 2012 ला तिथल्या अमेरिकी दूतावासावर जमाव चालून गेला. दोन दिवसांनी इजिप्तमधल्या मुस्लिम ब्रदरहुड या संघटनेच्या इंग्रजी ट्विटर खात्यावरून, दूतावासातले कोणी जखमी झाले नाही हे ऐकून हायसे वाटले, अशा आशयाची पोस्ट आली. त्याच संघटनेच्या अरबी खात्याचा सूर मात्र निदर्शनांना चेतवण्याचा होता. दूतावासाने उत्तर दिले, त्याचा मतलब असा: आभारी आहोत, बाकी तुमचे स्वतःचे अरबी खाते पाहिलेत का? तेही आम्ही वाचतो, हे तुम्हाला ठाऊक असेल अशी आशा. सडेतोड उत्तर म्हणतात ते हे. ते साधले, कारण दूतावासात अरबी वाचणारी माणसे होती आणि ती रोज वाचत होती. आज तर वाचायला माणूसही लागत नाही. फोनवर बोट ठेवले की भाषांतर समोर येते. एका भाषेत गोड आणि दुसऱ्या भाषेत तिखट बोलण्याचे दिवस गेले.

हे न उमगल्याची किंमत मालदीवने मोजली. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताविषयी हिणकस पोस्ट टाकल्या. त्या घरच्या समर्थकांसाठी होत्या, वाचल्या मात्र भारतीयांनी. 7 जानेवारीला तिघांनाही निलंबित करावे लागले. 2023 मध्ये मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांहून अधिक. 2024 मध्ये तो क्रमांक गेला आणि मे महिन्यात त्यांच्या पर्यटनमंत्र्यांवर भारतीयांनी यावे म्हणून जाहीर विनंती करण्याची वेळ आली. बहिष्काराचा हॅशटॅग आपल्याकडच्या सामान्य लोकांनी आणि काही नटनट्यांनी चालवला. दिल्लीने काय केले? मालदीवच्या उच्चायुक्तांना बोलावून नाराजी सांगितली आणि ती तिथेच ठेवली. शेरेबाजीच्या शर्यतीत मंत्रालय उतरले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले, तेव्हा कोणाला आपली जुनी पोस्ट गिळावी लागली नाही. या गप्प राहण्याला लाइक मिळत नाहीत, म्हणून त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही.

उलटे उदाहरण कॅनडाचे. ऑगस्ट 2018 च्या पहिल्या आठवड्यात कॅनडाने सौदी अरेबियातल्या अटक झालेल्या महिला हक्क कार्यकर्त्यांविषयी ट्विटरवर चिंता व्यक्त केली. इंग्रजीपुरते ते राहिले असते तर कदाचित नेहमीच्या निषेधावर भागले असते. रियाधमधल्या दूतावासाने तोच मजकूर अरबीत टाकला आणि तो सौदी जनतेच्या फोनवर गेला. ‘ताबडतोब सुटका करा’ या शब्दांवर रियाधने बोट ठेवले. दुसऱ्या देशाला आज्ञा करणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. राजदूताची हकालपट्टी झाली, नवे व्यापारी व्यवहार गोठले, कॅनडात शिकणाऱ्या हजारो सौदी विद्यार्थ्यांना दुसरीकडे हलवण्याचे ठरले. राजदूत पुन्हा नेमायचे ठरायला मे 2023 उजाडला. पावणेपाच वर्षे. कॅनडाने मांडलेला मुद्दा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 41 व्या कलमानुसार दूतावासाने यजमान देशाच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करायची नसते आणि सरकारी कामकाज त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत करायचे असते. राजधानीतल्या मंत्रालयाने बोलणे आणि यजमानाच्या अंगणात उभे राहून त्याच्याच भाषेत त्याच्या लोकांशी बोलणे, यांत कायद्याच्या दृष्टीने आणि मानापमानाच्या दृष्टीनेही मोठे अंतर आहे. अरबीत टाकायचेच होते, तर ‘ताबडतोब’च्या जागी काय शोभेल, हे अरबी जाणणाऱ्या मुत्सद्द्याला आधी विचारायला हवे होते.

भाषांतर ही या कामातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महागात पडणारी पायरी आहे. मार्च 2009 मध्ये जिनिव्हात अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांना संबंध ‘नव्याने सुरू’ करण्याचे प्रतीक म्हणून एक बटण दिले. त्यावरच्या रशियन शब्दात दोन अक्षरे कमी पडली आणि अर्थ झाला ‘अतिभार’. लावरोव्ह यांनी तिथेच, कॅमेऱ्यांसमोर चूक दाखवली. ती माणसांची चूक होती. यंत्राची चूक जानेवारी 2020 मध्ये झाली. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग म्यानमारच्या दौऱ्यावर असताना तिथल्या अधिकृत बर्मी पोस्टचे फेसबुकने आपोआप इंग्रजी भाषांतर केले, आणि पाहुण्यांच्या नावाच्या जागी एक गलिच्छ इंग्रजी शिवी उमटली. फेसबुकला माफी मागावी लागली. यंत्राला ते नाव ओळखीचे नव्हते, म्हणून त्याने जवळचे काहीतरी चिकटवून दिले. विशेषनामे, पदनामे, गावांची नावे आणि आकडे या चार ठिकाणी यंत्र हमखास घसरते. भाषांतर तपासताना आधी तीच पाहावीत.

आणखी एक सापळा मराठी माणसाला लगेच कळेल. इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. फ्रेंच, रशियन, फारसी, हिंदी, सगळीकडे हा भेद आहे. इंग्रजी मसुदा यंत्रात घातला की यजमान देशाच्या वृद्ध राष्ट्राध्यक्षांना शुभेच्छा ‘तू’ने जातील की ‘आपण’ने, हे नशिबावर. उपाय जुनाच आहे आणि स्वस्त आहे. एकाने भाषांतर करायचे. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट आपल्या भाषेत आणायचे. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. दीडशे शब्दांच्या पोस्टला अर्धा तास लागतो. त्यानंतर तिथल्याच मातीत वाढलेल्या कर्मचाऱ्याला फक्त एक प्रश्न विचारायचा: हे तुझ्या आईला दाखवले तर तिला काय वाटेल? दूतावासात नेमलेले स्थानिक कर्मचारी बहुधा याच कामाला सर्वांत उपयोगी असतात आणि याच कामासाठी सर्वांत कमी विचारले जातात.

मजकूर बरोबर असला तरी पोस्टर बनवताना वाट लागते. अरबी, फारसी, उर्दू उजवीकडून डावीकडे जातात आणि अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. चित्र बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय चालू केलेली नसेल, तर अक्षरे सुटी होतात आणि ओळ उलटी पडते. बनवणाऱ्याला ती लिपी येत नसल्याने त्याला ते छान नक्षीदार दिसते. देवनागरीतही जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, हे आपल्या छापखान्यांना सांगायला नको. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) फुकट खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथे प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजला जातो. ‘क्षि’ हे एक अक्षर चार जागा खाते. चिनी अक्षर प्रत्येकी दोन. इंग्रजीत नेमका बसवलेला मसुदा म्हणूनच मराठीत किंवा तमिळमध्ये मावत नाही आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी घाईत एखादा शब्द उडवतो. उडतो तो बहुधा ‘कथित’, ‘प्राथमिक माहितीनुसार’ असा, म्हणजे ज्याच्यावर सगळा तोल असतो तोच.

नकाशांविषयी थोडक्यात. नकाशा कधीही ‘नुसते चित्र’ नसतो. जून 2025 मध्ये इस्रायली लष्कराने इराणच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला दाखवायला एक नकाशा टाकला. त्यात जम्मू-काश्मीर पाकिस्तानात दाखवले होते. भारतीय वाचकांनी आरडाओरडा केल्यावर, हे केवळ प्रदेशाचे ढोबळ चित्र आहे, सीमा अचूक नाहीत, क्षमस्व, असे उत्तर त्यांना द्यावे लागले. भारताशी भांडण काढण्याचा त्यांचा हेतू असण्याचे कारणच नव्हते; कोणीतरी इंटरनेटवरचा तयार नकाशा उचलला असणार. पल्ला दाखवायला वर्तुळ आणि शहरांची नावे पुरली असती. सीमारेषा गरजेच्या नसतील, तर काढूच नयेत.

आता ज्या कामात समाजमाध्यमे खरोखर जीव वाचवतात, त्याकडे येतो. 2022 च्या फेब्रुवारीत कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने काढलेल्या सूचना एकापुढे एक ठेवून वाचाव्यात. या विषयाचा एवढा चांगला धडा पुस्तकांत मिळणार नाही. 15 फेब्रुवारीची सूचना सांगते की भारतीयांनी, विशेषतः ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघून जाण्याचा विचार करावा. 20 तारखेला ‘विचार करावा’चे ‘निघून जावे, असा सल्ला आहे’ झाले आणि चार्टर विमानांसाठी विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्या एजंटांशी संपर्क ठेवायला सांगितले. 22 तारखेला खरा प्रश्न कागदावर आला. वैद्यकीय विद्यापीठे ऑनलाइन वर्ग घेणार का, याविषयी दूतावासाला सतत फोन येत आहेत. विद्यापीठाच्या अधिकृत उत्तराची वाट न पाहता निघा. 24 तारखेला पहाटे युद्ध सुरू झाले आणि हवाई हद्द बंद झाली.

विद्यार्थी का थांबले होते, याचे उत्तर 22 तारखेच्या त्या एका ओळीत आहे. हजेरी बुडेल, वर्ष जाईल, ही त्यांची भीती होती. ‘तात्पुरते निघून जाण्याचा विचार करावा’ या वाक्याने ती भीती हलत नाही. मग पहिल्याच दिवशी दूतावासाने ठणकावून का सांगितले नाही? कारण त्या सूचनेला दोन वाचक होते. एक विद्यार्थी, दुसरे युक्रेनचे सरकार. जानेवारीच्या अखेरीस झेलेन्स्की परदेशी दूतावासांवर जाहीरपणे चिडले होते. घबराट पसरवू नका, युक्रेन म्हणजे टायटॅनिक नव्हे, असे त्यांनी सुनावले होते. यजमानाला न दुखवता आपल्या माणसाला हलवायचे, अशी ती कसरत होती. तिथे मवाळ शब्द निवडणे समजू शकते. पण मवाळ शब्दांसोबत कठोर सोय देता येते: विद्यापीठाशी दूतावासाने स्वतः बोलून हजेरीचे पत्र मिळवणे, आणि ते पत्र सूचनेला जोडणे. त्यात कोणाच्याही सरकारचा अपमान नाही.

नंतरची 2 मार्चची सूचना मात्र नमुनेदार होती. खारकीव्हमधल्या सर्व भारतीयांनी ताबडतोब शहर सोडावे. पेसोचिन, बाबाये आणि बेझल्युदोव्का या वस्त्यांकडे जावे. युक्रेनच्या वेळेनुसार आज संध्याकाळी सहापर्यंत पोचावे. पाठोपाठ दुसऱ्या सूचनेत अंतरे आली: 11, 12 आणि 16 किलोमीटर. ज्यांना बस किंवा वाहन मिळत नाही आणि जे रेल्वे स्थानकावर आहेत, त्यांनी चालत निघावे. कोणी, कुठे, किती लांब, किती वाजेपर्यंत, कोणत्या घड्याळाप्रमाणे आणि वाहन नसेल तर कसे, या सगळ्याची उत्तरे दोन सूचनांत मिळून होती. अंतर पहिल्याच सूचनेत असते तर आणखी बरे झाले असते. गाव ठाऊक नसलेल्या मुलाला 11 किलोमीटर आणि 60 किलोमीटर यांतला फरक निघण्याआधी कळायला हवा. ‘युक्रेनच्या वेळेनुसार’ हे दोन शब्दही क्षुल्लक नाहीत. तेव्हा दोन देशांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर होते आणि इकडून आईवडील तीच सूचना वाचून मुलांना फोन करत होते. भारतीयांना परत आणण्याच्या ऑपरेशन गंगासाठी वेगळे ट्विटर खाते त्याआधीच उघडले गेले होते, आणि एकूण साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले.

अशा सूचनांत वारंवार होणारी एक चूक इथेच सांगतो. लेटरहेडवर टाइप केलेले पत्र स्कॅन करून फोटो म्हणून टाकले जाते. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, अंधांचे वाचनयंत्र तो वाचत नाही, कमजोर नेटवर तो उघडत नाही, आणि व्हॉट्सअॅपवरून चार दिवसांनी फिरत आला तर नवा की जुना ते कळत नाही. फोटो द्यायचा तर द्यावा, पण सोबत तोच मजकूर टाइप करून द्यावा. तारीख आणि वेळ मजकुराच्या पहिल्या ओळीत असावी, ही सूचना केव्हापर्यंत लागू हे शेवटच्या ओळीत. नवी सूचना जुनीला रद्द करत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. जुनी पोस्ट गुपचूप पुसू नये. पुसली तरी स्क्रीनशॉट राहतोच आणि वर संशयही राहतो.

मदतीचे हे दालन भारताने तुलनेने लवकर उघडले. परराष्ट्र मंत्रालयाचा पब्लिक डिप्लोमसी विभाग 2006 चा. तो 2010 मध्ये ट्विटरवर आला आणि पुढच्याच वर्षी लिबियातून भारतीयांना बाहेर काढताना त्या खात्याचा उपयोग झाला. सुषमा स्वराज यांच्या काळात तर ट्विटर हे तक्रारीचे खिडकीघरच झाले. तुम्ही मंगळावर अडकलात तरी भारतीय दूतावास मदत करील, हे त्यांचे 2017 चे उत्तर अजून लोकांच्या लक्षात आहे. त्या काळाविषयी आदर ठेवूनही एक म्हटले पाहिजे. मंत्र्यांना टॅग करणाऱ्याचे काम चटकन होते आणि ट्विटर न वापरणारा आखातातला मजूर रांगेतच राहतो, ही अन्यायाची रीत होऊ शकते. 2015 मध्ये सुरू झालेले ‘मदद’ पोर्टल यासाठीच चांगले: तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो. दुसरे म्हणजे घाबरलेली माणसे पासपोर्ट क्रमांक, फोन, पत्ता, सगळे जाहीर पोस्टमध्ये टाकतात. भामटे ते टिपतात आणि ‘दूतावासातून बोलतोय’ म्हणून फोन करतात. म्हणून उत्तराचे पहिले वाक्य ठरलेले असावे: ही माहिती इथून आधी काढून टाका आणि पोर्टलवर भरा.

खाते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, चोरी होईपर्यंत. मार्च 2017 मध्ये तुर्कस्तान आणि नेदरलँड्स यांच्यात तंटा पेटला असताना जगभरच्या अनेक नामांकित खात्यांवरून एकाच वेळी स्वस्तिकासह तुर्की भाषेतल्या नाझी-शेरेबाजीच्या पोस्ट पडल्या. युरोपीय संसदेचे खातेही त्यांत होते. कोणाचाही पासवर्ड फुटला नव्हता. फॉलोअर मोजणाऱ्या ‘ट्विटर काउंटर’ नावाच्या ॲपला या सगळ्यांनी केव्हातरी पोस्ट करण्याची परवानगी देऊन ठेवली होती, आणि चोरांनी ते एक ॲप फोडले. जानेवारी 2022 मध्ये परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’चे खाते चोरीला गेले आणि त्याचे नाव चक्क इलॉन मस्क झाले. त्याच सुमारास आपल्या माणदेशी महिला बँकेच्या खात्याचीही तीच गत झाली होती.

दूतावासात अधिकारी साधारण तीन वर्षांनी बदलतात. बदलीच्या हस्तांतरणाच्या यादीत गाडीची किल्ली असते, कपाटाची असते, खात्याची नसते. दुहेरी पडताळणीचा कोड जातो तो दोन बदल्यांपूर्वीच्या तिसऱ्या सचिवाच्या खासगी सिमवर. तेव्हा सिम कार्यालयाच्या नावावर घ्यावे. राखीव कोड छापून, लखोट्यात सील करून तिजोरीत ठेवावेत. परवानगी दिलेल्या ॲपची यादी दर तीन महिन्यांनी उघडून नको ती काढावीत. पोस्ट लिहिणारा आणि ती सोडणारा ही माणसे वेगळी असावीत. आणि खाते पदाच्या नावाचे असावे, माणसाच्या नव्हे. नाहीतर राजदूत बदलले की जमवलेले वाचक त्यांच्याबरोबर पुढच्या देशात जातात. अमेरिकी अध्यक्षांच्या खात्याचे सुद्धा 2017 मध्ये वाचक पुढच्या अध्यक्षांकडे गेले, 2021 मध्ये मात्र ट्विटरने ते दिले नाहीत.

खाते चोरीला गेले तर खुलासा कुठून करायचा, हे आधी ठरलेले असायला हवे. 24 मे 2017 ला मध्यरात्रीनंतर कतारची सरकारी वृत्तसंस्था फोडली गेली आणि तिथल्या राज्यकर्त्या अमिरांच्या तोंडी इराणची तरफदारी करणारी वाक्ये घातली गेली. कतारने खुलासा केला, पण शेजारी देशांच्या वाहिन्यांनी खुलाशाकडे काणाडोळा केला आणि ती वाक्ये चालवत राहिल्या. 5 जूनला त्या शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी सुरू केली. ती उठायला जानेवारी 2021 उजाडला. वादाची मुळे जुनी होती, बातमी निमित्त झाली. पण प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्कने 1870 मध्ये आपल्या राजाकडून एम्सहून आलेली तार छाटून वर्तमानपत्रांना दिली आणि सहा दिवसांत फ्रान्सने युद्ध पुकारले, तेव्हाही तसेच होते. आज छाटायला बिस्मार्क लागत नाही. पंचवीस मिनिटांच्या पत्रकार परिषदेतले अकरा सेकंद कापणारा कोणीही चालतो. म्हणून मूळ चित्रफीत आणि पूर्ण शब्दांकन पत्रकार परिषदेनंतर तासाभरात संकेतस्थळावर असले पाहिजे. क्लिप फिरू लागल्यावर ते शोधायला बसणे म्हणजे वरातीमागून घोडे.

युक्रेनने या बाबतीत शहाणपण दाखवले. झेलेन्स्की शरण येताहेत अशी बनावट चित्रफीत येऊ शकते, असा इशारा तिथल्या सरकारी संवाद केंद्राने 2 मार्च 2022 लाच दिला होता. 16 मार्चला ती खरोखर आली. झेलेन्स्कींनी लगेच स्वतःची साधी चित्रफीत टाकून ती खोडली. बनावट फीत ओबडधोबड होती हे खरे, पण लोकांना आधीच सावध केले होते हेही तितकेच खरे. याउलट डिसेंबर 2016 मध्ये पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी एका बनावट संकेतस्थळावरची बातमी खरी मानून इस्रायलला ट्विटरवर अण्वस्त्रांची आठवण करून दिली. ती बातमीच खोटी आहे, असे इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाला सांगावे लागले. मंत्र्यांच्या फोनवर मंत्रालयाचा ताबा नसणे किती धोक्याचे आहे, याची याहून मोठी खूण नको.

प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचे नसते, हे सरकारांना पटवणे सर्वांत अवघड. फेब्रुवारी 2021 मध्ये एका परदेशी गायिकेने शेतकरी आंदोलनाविषयी सहा शब्दांची पोस्ट टाकली. आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो. परराष्ट्र मंत्रालयाने हॅशटॅगसह अधिकृत निवेदन काढल्यावर त्या सहा शब्दांना एका देशाच्या सरकारचे उत्तर मिळाले आणि जगभरच्या ज्या वर्तमानपत्रांनी पोस्टची दखल घेतली नसती, त्यांनी निवेदनाची घेतली. उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: त्यात तथ्याची चूक आहे की फक्त मत आहे; ती गोष्ट आपल्याला हव्या त्या देशातल्या भाषेत खरोखर फिरते आहे का; आणि उत्तर देणारा मूळ बोलणाऱ्यापेक्षा मोठा ठरतो का. शेवटच्याचे उत्तर ‘हो’ असेल तर खालच्या पायरीवरच्या कोणीतरी बोलावे किंवा कोणीच बोलू नये.

आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकवता आले तर त्याहून चांगले. गांधीजींच्या 150 व्या जयंतीवर्षाच्या आरंभी, 2018 मध्ये, मंत्रालयाने 124 देशांतल्या कलाकारांकडून ‘वैष्णव जन तो’ गाऊन घेतले. प्रत्येक देशात ते ‘आपल्या’ गायकाचे गाणे म्हणून ऐकले जाण्याची सोय त्यात होती. एकही वाद न घालता. स्वीडनने तर 2011 ते 2018 देशाचे अधिकृत ट्विटर खाते दर आठवड्याला एका वेगळ्या नागरिकाच्या हाती दिले होते. एकीने ज्यूंविषयी अडाणी प्रश्न विचारून गोंधळ घातला, तरी त्यांनी ते बंद केले नाही. आपल्याकडे हे कोणी करील असे वाटत नाही, आणि करावे असे माझेही मत नाही.

निकोलस कल या अभ्यासकांनी पब्लिक डिप्लोमसीचे पाच भाग सांगितले आहेत आणि त्यात ‘ऐकणे’ पहिले ठेवले आहे. ते किती अनपेक्षित ठिकाणी ऐकू येते पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये बीजिंगमधल्या अमेरिकी दूतावासाने वेइबो या ट्विटरसारख्या चिनी समाजमाध्यमावर जिराफांच्या संवर्धनाविषयी एक निरुपद्रवी पोस्ट टाकली. तिच्याखाली लाखाहून अधिक प्रतिक्रिया आल्या, जिराफांवर नव्हे, कोसळणाऱ्या चिनी शेअर बाजारावर. इतर ठिकाणी बोलता येत नव्हते, म्हणून गुंतवणूकदार तिथे येऊन रडले. लाइक मोजणाऱ्या तक्त्यात ही पोस्ट ‘वर्षातली सर्वांत यशस्वी’ ठरेल. तिचे खरे मोल प्रतिक्रियांत होते, आणि त्या वाचायला चिनी येणारा, बाजार कळणारा माणूस लागतो.

तेच वेइबो परक्याचे घर आहे, याचा अनुभव आपल्याला जून 2020 मध्ये आला. गलवाननंतर भारतीय दूतावासाने टाकलेली पंतप्रधानांची आणि प्रवक्त्यांची विधाने वीचॅट आणि वेइबोवरून काढली गेली. ती आपण काढलेली नाहीत, असे दूतावासाने सांगितले आणि वेइबोवर मजकुराचा स्क्रीनशॉट पुन्हा टाकला. इराणसाठी अमेरिकेने डिसेंबर 2011 मध्ये काढलेला ‘आभासी दूतावास’ तर दुसऱ्याच दिवशी तिथे बंद पाडण्यात आला. म्हणून मूळ प्रत नेहमी स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि समाजमाध्यमांवर फक्त तिची नक्कल. संकेतस्थळाचे रूप बदलताना जुने दुवे मरणार नाहीत हेही पाहावे, कारण दहा वर्षांपूर्वी आपण काय म्हणालो होतो, हे दाखवायची वेळ परराष्ट्र व्यवहारात वारंवार येते.

पडद्यावर सगळे भागत नाही, हे 2025 च्या मे महिन्यात सरकारनेच मान्य केले. ऑपरेशन सिंदूरनंतर सर्वपक्षीय सात शिष्टमंडळे तीसहून अधिक देशांत गेली. सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांनी त्यांपैकी दोन शिष्टमंडळांचे नेतृत्व केले. अशा दौऱ्यात तिथल्या भाषेतल्या वाहिनीवर दिलेली चार मिनिटांची मुलाखत आणि तिथल्या संसद सदस्यासोबतची बैठक ही पुढे सहा महिने वापरायची पुंजी असते. विमानतळावरच्या स्वागताचे फोटो ती नसतात. दुर्दैवाने फोटोच जास्त पुढे पाठवले जातात.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. दूतावासाच्या किंवा प्रवक्त्यांच्या पोस्टवर बातमी करताना ती कोणत्या भाषेत होती, स्थानिक वेळेनुसार केव्हा टाकली, तिथल्या भाषेत ती टाकली होती का आणि असल्यास मजकूर तोच होता का, हे लिहावे. त्या देशातल्या एका तरी वर्तमानपत्राने तिची दखल घेतली का, ही एक ओळ असावी. घेतली नसेल, तर तसेही छापावे, त्याच टाइपात.

आपला,
एक वाचक